शब्दन् शब्द पाठ करण्याबद्दल

प्रेझेंटेशन तोंडपाठ करून जावं, असं काहीजण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं अडतं. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवट तेवढा पक्का करा, मधलं आपल्या शब्दांत बोला.

शक्य असेल तर लोकांसमोर बोलण्याचा सराव करायला टोस्टमास्टर्सच्या क्लबात जा. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या संस्थेचे क्लब पुण्या-मुंबईतही आहेत. तिथे एकजण फक्त तुमचे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ मोजतो. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल दिवा. सुरुवातीला जाच वाटतो, पण ‘अं’ ऐवजी शांतपणे थांबायची सवय तिथेच लागते.

आणि आकड्यांची स्लाइड आली की लगेच बोलू नका, लोकांना आधी वाचू द्या.