मे महिन्यात श्रीलंका? किनारा बघून ठरवा

"मे म्हणजे श्रीलंकेत पावसाळा, जाऊच नका" असं कुणी कुणी सांगतात, ते अर्धंच खरं. आमच्या बेळगाव जिल्ह्याचंच बघा की. जुलैत घाटालगतच्या कणकुंबी-जांबोटीला छत्री उघडून उपयोग नसतो, आणि त्याच आठवड्यात घाटापासून लांब अथणीकडं माणसं आभाळाकडं डोळे लावून बसलेली. श्रीलंकेतही मधला डोंगर असाच पाऊस अडवतो, फक्त तिथं पावसाळे दोन.

मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा कोलंबो, गॉल, मिरिसाला भिजवतो. तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमाली बराचसा कोरडा, समुद्रही शांत. डिसेंबर ते फेब्रुवारी नेमकं उलटं. त्यामुळं पोरांच्या सुट्टीतच जायचं असेल (आमच्याकडं शाळा मेअखेरीलाच उघडतात, हातात दिवस कमी) तर सरळ त्रिंकोमाली धरा, वाटेत सिगिरिया हा कातळावरचा जुना किल्लाही होतो. तिथं ऊन चिकट असतंय, तेव्हा सकाळी दार उघडल्याउघडल्या चढायला लागा. डोंगरातलं नुवारा एलिया हे गाव सुमारे १८७० मीटरवर आहे, स्वेटर घ्याच. मी टाळेन ते ऑक्टोबर-नोव्हेंबर: दुपारनंतर कुठंही धो धो.