अनुभव धागा: तुमच्या गावातली नटवी, हौशी, 'येडी' माणसं

सरकी:
काल फोनवर आयरिस अ‍ॅपफेलचे फोटो दिसले. न्यूयॉर्कची बाई, मार्च २०२४ मध्ये १०२ व्या वर्षी गेली. ताटलीएवढा काळा गोल चष्मा, कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात माळांवर माळा. नवऱ्यासोबत कापडाचा धंदा केला, नऊ राष्ट्राध्यक्षांच्या काळात व्हाइट हाउसची कामं केली आणि जन्मभर खरे-खोटे दागिने नि कपडे साठवले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तो साठा प्रदर्शनात मांडला तेव्हा ही ८४ वर्षांची. ९७ व्या वर्षी मॉडेलिंगचा करार!

आणि मला दारव्ह्याकडची माझी आत्या आठवली. एका हातात सोन्याच्या पाटल्या, दुसऱ्यात जुन्या रेडिओतल्या तांब्याच्या तारेचे स्वतः वळलेले गोट. सीताफळाच्या बिया, गुंजा, घड्याळाची चाकं, बांगड्यांचे तुकडे, काहीही ओवायची. सोनाराच्या दुकानात तासन्‌तास बसून यायची आणि पैचं घ्यायची नाही, नुसतं पाहायची. लुगड्याचे फाटके काठ मागून आणायची, करवतकाठी टसरचे तर जास्तच. एका लग्नात डोरल्याशेजारी सायकलच्या घंटीची वाटी लटकवून गेली होती. व्याही हसले, ती पण हसली. नंतर व्याह्यांच्याच सुनेनं हळूच विचारलं, मला करून देता का?

अशी माणसं तुमच्याकडे असणारच. लिहा.

तर्री पोहे:
घंटीची वाटी 😂😂 वाजत होती का?

सरकी:
होय. ती येऊन राहिली हे आधी कळायचं.

खामगावकरीण:
आमच्या बुढीची चांदीची सरी होती, गळ्यात घातली की मान वळत नव्हती. हे जड. तिला सगळ्या नाण्यांचा नाद. कलदार रुपये दगडावर आपटून आवाज ऐकायची आणि सांगायची, हा १९४० च्या आधीचा, हा नंतरचा. खरंच आहे ते, आधीच्या रुपयात चांदी ९१ टक्क्यांच्या वर, नंतर निम्मीच. चांगल्या आवाजाचे तेवढे माळेत. माळ कुठाय विचारू नका. काकांनी मोडली, ट्रॅक्टरचं डाउनपेमेंट.

बिनइस्त्री:
फक्त बायाच कशाला? आमचे मामा. कापसाचा चुकारा हाती आला की पहिले टेलर, मंग खताची उधारी. बेलबॉटम, कुत्र्याच्या कानाएवढी कॉलर, सफारी, सगळं आलं नि गेलं, पण मामांनी एक कापड फेकलं नाही. मामी म्हणे, घरात ज्वारीले जागा नाही आन् यायच्या पॅन्टीले पेटी. मागच्या वर्षी भाच्याच्या कॉलेजात जुन्या फॅशनचा कार्यक्रम झाला, तर पोरं मामांकडे रांगेत. मामा प्रत्येक पॅन्टीमागं त्या वर्षी पाऊस कसा होता ते सांगत बसले. एक तर म्हणे "ही सरकारची कापूस एकाधिकार खरेदी चालू झाली त्या सालची", म्हणजे १९७२ ची! पोरं पळाली.

पोयपाट:
बिनइस्त्री, तुमची मामी ती सांडग्यांवाली का? त्या धाग्यातली रेसिपी टाका ना परत, सापडून नाही राहिली.

बिनइस्त्री:
तीच. टाकतो संध्याकाळी. आता डवरणी चालू आहे.

भट्टीवाला:
आमचे आजोबा सोनार. १९६३ च्या जानेवारीत, चीनच्या युद्धानंतर, अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. ते कडक, ठशावर घेतलं की चिरते, रंगही फिका. गिऱ्हाईक हात लावेना. देशभर सोनार रिकामे झाले, काहींनी जीव दिले. आजोबांचे भाऊ शेतमजुरीला गेले.

आजोबांनी ऐरण विकली नाही. पितळ धरलं. पहिले बैलांच्या शिंगांच्या शेंब्या, घुंगरमाळा. मग डोकं फिरलंच म्हणायचं. जे घाट माणसांसाठी करता येईनात ते बैलाला करायला लागले. पोळ्याला आमच्या जोडीच्या कपाळावर पितळेची बोरमाळ, गळ्यात पुतळ्यांचा हार, त्यावर लक्ष्मी सुद्धा ठसठशीत. तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांना इवल्या ठुश्या. तेच जंतर, त्यातूनच ओढलेली तार, तीच फुंकणी. लोक म्हणत बैलाचा सोनार. चिडवायला म्हणत, पण पोळ्याच्या आधी आमच्या ओट्यावर तीन गावचे लोक बसलेले असत.

१९६६ मध्ये १४ कॅरेटची अट गेली, मग १९६८ चा कायदा आला, तो थेट १९९० मध्ये उठला. तोवर आजोबांचा हात सोन्यावरून उठला होता. लोकांनी सोनं आणून दिलं तरी म्हणायचे, पोराकडे द्या, मले मजा नाही येत.

सरकी:
भट्टीवाला, हे वाचून अंगावर काटा आला. त्यातलं काही आहे का घरी?

भट्टीवाला:
ठसे आहेत, दागिने नाहीत. बैल विकले त्यांच्यासोबतच गेले. आजोबा उतरवून घेत नव्हते.

नुस्ता वाचक:
गुंजांच्या माळा कुणाकडे असतील तर लहान पोरांच्या हाती देऊ नका. अखंड बी कडक असते, पण फुटलेली किंवा भोक पाडलेली पोटात गेली तर जिवावर बेतते. बाकी चालू द्या.

तर्री पोहे:
आन् आमच्या पिढीनं त्यानंच खेळ मांडले. वाचलो म्हणायचं.

तांड्यावरची:
माझी याडी, म्हणजे आई, दिग्रसकडचा बंजारा तांडा. कानाशेजारी केसात घुगरी-टोपलीचे दागिने, दंडापर्यंत बलिया म्हणजे बांगड्या, आणि फेटियावर (घागऱ्यावर), कांचळीवर (चोळीवर) आरसे-कवड्या सगळं तिच्या हातचं शिवलेलं. तिला येडी कोणी म्हणत नव्हतं, कारण तांड्यात सगळ्या तशाच. येडी ठरली ती साठीनंतर. सगळ्या सुना पाचवारी नेसायला लागल्या, हिनं आपला पेहराव सोडला नाही, उलट बाकीच्यांच्या टाकलेल्या कांचळ्या पण जमा केल्या. शहरातून एक मॅडम गाडी घेऊन आल्या, दहा कांचळ्यांचे पैसे देतो म्हणाल्या. याडीनं चहा पाजला, एकेक कांचळी उलगडून कोणाच्या हातची, कोणत्या लग्नातली ते सांगितलं, आणि सगळ्या परत पेटीत. मॅडम म्हणाल्या पैसे वाढवते. याडी म्हणाली, चहा वाढवू का?

खामगावकरीण:
चहा वाढवू का 😂 हे माझं आता कायमचं उत्तर.

पोयपाट:
तांड्यावरची, पेटी आता कोणाकडे?

तांड्यावरची:
माझ्याकडे. नेसते सणाला. मुलगी फोटो काढते, नेसत नाही.

सरकी:
आत्या गेल्यावर तिसऱ्या दिवशीच सोनं वाटायला तोलकाटा आला. पाटल्या, एकदाणी, गोफ, चहा थंड व्हायच्या आत संपलं. तारेचे गोट नि माळांचा डबा कुणाच्याच वाट्यात बसेना. मोठ्या दादानं भंगारच्या पोत्यात टाकला, मी काढून घेतला. आत सोनाराकडून मागून आणलेले कागद आहेत, नक्षीचे, मागं दुसऱ्याच कुणाच्या वजनांचे आकडे. तांबं काळं पडलंय. काय करू?

भट्टीवाला:
चिंच-मीठ लावून हलक्या हातानं, लगेच धुऊन कोरडं करा. पॉलिशवाल्याकडे देऊ नका, यंत्रावर धरतो आणि नक्षी गुळगुळीत करून ठेवतो. चांदी असेल तर रिठ्याचं पाणी.

सरकी:
रिठे कुठे मिळतील?

तर्री पोहे:
आमच्या अंगणात झाड आहे. किलोभर पाठवतो, पण घंटीच्या वाटीचा फोटो आधी.