मदत हवी आहे: जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा सार्वजनिक डेटा, सुरुवात कुठून?

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या दीर्घिका-समूहाची रेडिओ प्रतिमा स्वतः तयार करायची आहे. सर म्हणतात, हबल दुर्बिणीचा डेटा घे, सगळेच घेतात. पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश उभ्या असताना तिकडे कशाला जायचं?

निरीक्षण करणाऱ्यांसाठीची राखीव मुदत संपलेली निरीक्षणं एनसीआरएच्या (ही दुर्बीण चालवणारी पुण्यातली संस्था) ऑनलाइन अर्काइव्हमधून मिळतात, इतपत कळलंय. फाइल एलटीए या जीएमआरटीच्या कच्च्या फॉरमॅटमध्ये आली तर लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स हे प्रोग्रॅम वापरून फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये आणायची, मग कासा या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन. गाडी इथेच अडते. मोबाइल टॉवरचा गोंधळ डेटातून काढताना किती कापायचं, हे कसं ठरवता? कॅप्चर पाइपलाइन (कासावर चालणारी, जीएमआरटीच्या डेटासाठीची तयार स्क्रिप्ट) थेट चालवू, की आधी एकदा सगळं हाताने करून बघू? 16 जीबी रॅमचा लॅपटॉप बँड-4 चा (550 ते 850 मेगाहर्ट्झ) डेटा पेलेल का?

टीजीएसएस या जीएमआरटीनेच केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या 150 मेगाहर्ट्झच्या तयार प्रतिमा आहेत, पण त्या फक्त ताडून बघायला.

आणि हो, आयुका (पुण्यातलीच खगोलशास्त्राची संस्था) किंवा एनसीआरएमध्ये विद्यार्थी म्हणून प्रोजेक्ट केलेलं कुणी असेल तर अर्जात काय लिहिलं होतं तेही सांगा. लिनक्स येतं, पायथन जेमतेम.