ग्रंथालय संगणकीकरण: निर्गम सहायकाचे प्रशिक्षण कोठून सुरू करावे?

प्रश्न
आमच्या तालुक्यातील 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली वापरण्याचे ठरवले आहे. निर्गम सहायकाने, म्हणजे वाचकांना पुस्तके देण्या-घेण्याचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने, ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला असून दाखलनोंद (नव्या पुस्तकांची नोंदवहीतील नोंद) आणि देवघेव ही कामे तो चोख करतो. मात्र आता नोंदी संगणकावर भरणे, बारकोड लावणे आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन माहिती शोधून देणे हेही त्याच्याकडेच येणार आहे. त्याला बी.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला) बसवावे, की अल्पमुदतीचे प्रशिक्षण पुरेल?

निवृत्त ग्रंथपाल
सहायक पदवीधर नसेल, तर बी.लिब.चा प्रश्नच उद्भवत नाही. प्रशिक्षणाची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर तालिकीकरणापासून, म्हणजे पुस्तकांची शोधसूची ठरावीक नियमांनी करण्यापासून, करावी. एका नोंदीत 'कुसुमाग्रज' आणि दुसरीत 'शिरवाडकर, वि. वा.' असे भरले आणि दोहोंना जोडणारी निर्देशी नोंद ठेवली नाही, तर एकाच लेखकाची कविता आणि नाटके शोधात वेगवेगळी पडतात. काउंटरवरचा अनुभवी माणूस हे तोंडी सांभाळून घेत असे. यंत्र तसे सांभाळून घेत नाही. त्यातच ऱ्हस्व-दीर्घ चुकले, की पुस्तक कपाटात असूनही 'उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. म्हणून आधी लेखकनामांची प्रमाण यादी तयार करून घ्यावी आणि मगच नोंदी भरायला बसावे.

महाविद्यालयीन ग्रंथपाल
यादी हवी, परंतु ती पूर्ण होईपर्यंत थांबू नये. आमच्या परिचरांना आम्ही 'कोहा' या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीवर थेट कामाला बसवले आणि रोजच्या नोंदी संध्याकाळी तपासल्या. शिकवणीपेक्षा त्या तपासणीतूनच ते अधिक शिकले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक विनियम 2018 मध्ये आल्यापासून प्रबंधांची साम्यतपासणीही (मजकूर इतरत्र छापलेल्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणे) अनेक ठिकाणी ग्रंथालयाकडेच आली असून, पदनाम मात्र जुनेच राहिले आहे.

एका ग्रंथालयाचे कार्यवाह
नेमका तोच मुद्दा. अनुदानित ग्रंथालयातील तुटपुंज्या वेतनात हे वाढीव काम बसवताना, प्रशिक्षणाचे शुल्क संस्थेने भरावे, ते दिवस कामाचे धरावेत आणि देवघेवीच्या वेळेत नोंदी भरण्याची अपेक्षा ठेवू नये, असा ठराव कार्यकारी मंडळाने आधी करावा. अन्यथा काम शिकलेला माणूस पहिल्या संधीला दुसरीकडे जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

प्रश्नकर्ता
ठरावाचा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतो. लेखकनामांची यादी दाखल नोंदवहीवरून करावी, की कपाटातील प्रत्यक्ष पुस्तकांवरून?

निवृत्त ग्रंथपाल
पुस्तकांवरून, म्हणजे मुखपृष्ठावरून नव्हे, तर आतील शीर्षकपृष्ठावरून. त्याच फेरीत गहाळ प्रतींची परिगणनाही उरकेल.