मदत हवी आहे: दोन रात्रींची कबड्डी, दुसऱ्या रात्री मांड्या धरतात. व्हे, क्रिएटिन की आणखी काही?

चढाई_देवगड:
मंडळी, १२ जणांचा संघ, बहुतेक पोरं ६०-६५ किलोची. स्पर्धा वजनी गटाची, १० दिवसांवर आली आहे. पहिल्या रात्री तीन सामने, दुसऱ्या रात्री उपांत्य फेरीपासून पुढे. दुसऱ्या सामन्यापासूनच पोटरीत गोळे येतात. दुकानदार व्हे (दुधातल्या प्रथिनांची पूड), बीसीएए (तीन अमिनो आम्लांची पूड) आणि क्रिएटिन (स्नायूंना झटपट जोर देणारी पूड) तिन्ही घ्या म्हणतो. पैसे मोजकेच आहेत, नेमकं काय घ्यावं?

कोकमआगळ:
क्रिएटिन आत्ता अजिबात नको. रोज २० ग्रॅमने सुरुवात केली तर आठवड्यात स्नायूंत पाणी साठून किलो-दीड किलो वजन सहज वाढतं, आणि काठावरचं पोर वजनकाट्यावरच बाद होतं. स्पर्धेनंतर रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट द्या, महिनाभरात स्नायूंतला क्रिएटिनचा साठा तेवढाच होतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

बीसीएएवर पैसे घालवू नका, ती तिन्ही अमिनो आम्लं अंड्या-माशांत असतातच. प्रथिनं दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ६५ किलोला १०५ ग्रॅम, चार वेळा विभागून. चार अंडी किंवा काटे काढून सव्वाशे ग्रॅम बांगडा म्हणजे एक वाटा झाला. कुळथाच्या पिठीवर मात्र भिस्त नको. वाटीभर पिठीत पीठ दोन-तीन मोठे चमचे, प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. जिथे जेवण जमत नाही तिथेच व्हेचा एक स्कूप.

खाडीपल्याड:
गोळ्यांचं बघा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जातं. सामन्याआधी आणि नंतर कोरड्या चड्डीवर वजन घ्या. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायला हवं, तेही थोडं थोडं. लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चवीला कोकमाचं आगळ. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, म्हणून एकट्या शहाळ्याने भागत नाही.

दोन सामन्यांच्या मधे ५० ग्रॅम उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज आणि दोन वेलची केळी द्या. साठ-पासष्ट ग्रॅम कर्बोदकं मिळतात, एका तासाला पुरेशी. वडापाव नको, तेलकट पोटात तसंच राहतं. थकव्यानेही गोळा येतो. तेव्हा पाय सरळ करून चवडा गुडघ्याकडे ओढून धरायचा.

चढाई_देवगड:
आभार! दोघं पुढे निवड चाचणीला जाणार आहेत. व्हेचा डबा कसा पारखायचा?

कोकमआगळ:
एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक असला म्हणजे खेळात बंदी असलेलं उत्तेजक नाही असं होत नाही. इन्फॉर्म्ड स्पोर्टची (उत्तेजकांसाठी डबे तपासणाऱ्या संस्थेची) खूण आणि तपासलेला बॅच क्रमांक जुळवून बघा, डब्याचा फोटो ठेवा. घटकांचं प्रमाण न छापलेलं मिश्रण घेऊच नका. उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच.

खाडीपल्याड:
एक राहिलं. मांड्या दगडासारख्या टणक आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली तर वेदनाशामक गोळी देऊ नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.