उद्रेक, साथ, पाळत : रोगतपासातील काही शब्द

मूळ प्रश्न

संसर्गजन्य रोगांच्या साथींचा तपास कसा करावा, याविषयीच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठीकरण करताना मी काही शब्दांपाशी अडलो आहे. ‘आउटब्रेक’साठी उद्रेक, ‘एपिडेमिक’साठी साथ आणि ‘सर्व्हेलन्स’साठी सर्वेक्षण हे रूढ प्रतिशब्द मी वापरले होते. मसुदा वाचणाऱ्या एका डॉक्टर स्नेह्यांनी ‘सर्वेक्षण’वर फुली मारली आणि एका उदाहरणापुढे ‘रुग्ण तीनच आहेत, मग उद्रेक कसला?’ असा शेरा लिहिला. जाणकारांचे मत हवे आहे.

पहिला प्रतिसाद

आपल्या स्नेह्यांची फुली मला पटते, शेरा पटत नाही. मात्र शेऱ्याचे मूळ मराठी शब्दाच्या स्वभावातच आहे. ज्वालामुखीचा उद्रेक होतो, असंतोषाचा उद्रेक होतो. म्हणजे अचानकपणा आणि मोठेपणा या दोन्ही छटा आपण त्या शब्दात गृहीत धरतो. साथरोगशास्त्राचे माप निराळे आहे. एखाद्या ठिकाणी, ठरावीक काळात, ठरावीक लोकसमूहात एरवी जितके रुग्ण आढळतात त्यांहून जास्त आढळले की तो उद्रेक, आणि या व्याख्येचा सगळा भार ‘एरवी’ या एका शब्दावर आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका विशिष्ट न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. पाच हा आकडा तसा किरकोळच. परंतु तो न्यूमोनिया धडधाकट तरुणांना एरवी होत नसे, म्हणून तीच नोंद पुढे एड्स या नावाने ओळखल्या गेलेल्या रोगाची वैद्यकीय वाङ्मयातील पहिली खूण ठरली. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले आहे. तेव्हा आज देवीचा एकच रुग्ण सापडला, तरी तोही उद्रेकच ठरेल. आपण ‘उद्रेक’ अवश्य ठेवावा, पण तो पहिल्यांदा येईल तेथेच ‘एरवीपेक्षा जास्त’ ही व्याख्या द्यावी.

‘साथ’ हा या सर्व शब्दांतला सर्वांत जिवंत शब्द आहे. साथ येते, पसरते, आटोक्यात येते, ओसरते. प्रत्येक अवस्थेला स्वतःचे क्रियापद आहे, आणि ही सोय घडवलेल्या पारिभाषिक शब्दांना सहसा लाभत नाही. उद्रेक आणि साथ यांच्या शास्त्रीय व्याख्येत फारसा फरक नाही. मर्यादित जागेतल्या वाढीला उद्रेक आणि विस्तृत प्रदेशातल्या वाढीला साथ म्हणण्याचा प्रघात आहे, इतकेच. त्याच न्यायाने ‘पॅन्डेमिक’ला जागतिक साथ म्हणावे. ‘महामारी’ मला खटकते, कारण त्या शब्दातच मरण भरलेले आहे, आणि जागतिक साथ ठरण्याचा निकष प्रसार हा आहे, मृत्यूंचे प्रमाण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २००९ मध्ये इन्फ्लुएंझाची जागतिक साथ जाहीर केली, तेव्हा बहुसंख्य रुग्णांचा आजार सौम्य होता, आणि त्यावरून बरीच टीकाही झाली.

‘एन्डेमिक’साठी ‘स्थानिक’ मात्र कृपया वापरू नये. ‘स्थानिक प्रसार’ म्हणजे बाहेरून आलेल्या रोगाचा जागच्या जागी होणारा प्रसार, आणि ‘स्थानिक रोग’ म्हणजे कायमचा मुक्कामाला असलेला रोग. दोन्ही एकाच पानावर आले की वाचक गोंधळणारच. ‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द वनस्पतीशास्त्रातून घेता येईल.

आता सर्वेक्षण. सर्वेक्षण म्हणजे पाहणी, आणि पाहणी एकदा केली की संपते. येथे अभिप्रेत असलेली क्रिया मुळीच संपत नाही. माहिती सतत गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि ज्यांना उपाययोजना करायची आहे त्यांच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचवायची. कार्यक्रमांच्या नावांत ‘सर्वेक्षण’ शिरले आहे हे खरे, तरी पुस्तिकेत ‘पाळत’ लिहावे असे मी सुचवेन. पाळत ठेवणारा माणूस रोज ठेवतो, आणि काही हालचाल दिसली की वर कळवतो.

दुसरा प्रतिसाद

‘पाळत’ अर्थाला जवळचा असला, तरी पाळत संशयितावर ठेवली जाते. आधीच भेदरलेल्या कुटुंबाला ‘तुमच्यावर चौदा दिवस पाळत ठेवली जाईल’ असे सांगून पाहावे, म्हणजे माहिती लपवण्याची इच्छा कशी निर्माण होते ते कळेल. अर्थात मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहासही असाच आहे. गंभीर रोगाच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या व्यक्तींवर नजर ठेवणे, असाच त्याचा आरोग्यक्षेत्रातला जुना अर्थ होता. अमेरिकी साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९६३ मध्ये तो व्यक्तींवरून काढून रोगावर नेला. मराठीत हे दोन अर्थ आपण दोन शब्दांनी वेगळे ठेवू शकतो : पाळत रोगावर आणि देखरेख माणसांची. आरोपी रोग आहे, रुग्ण नव्हे.

‘संशयित रुग्ण’ याही शब्दाला पोलीस ठाण्याचा वास येतो, पण तो आता इतका रूढ झाला आहे की मी तेथे हट्ट धरणार नाही. ‘संभाव्य रुग्ण’विषयी मात्र सावध राहावे. रुग्णव्याख्येत, म्हणजे कोणाला रुग्ण मानायचे हे ठरवणाऱ्या निकषांत, संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा चढत्या पायऱ्या असतात. संभाव्य म्हणजे लक्षणेही जुळतात आणि निश्चित रुग्णाशी संपर्कासारखा दुवाही सापडतो, फक्त प्रयोगशाळेची खातरजमा नाही. मराठी वाचक मात्र ‘संभाव्य धोका’ या धर्तीवर त्याचा अर्थ ‘पुढे आजारी पडू शकेल असा माणूस’ असा लावतो. ‘बहुतांशी निश्चित’ हा शब्दप्रयोग लांबट असला, तरी दिशाभूल करत नाही.

पुस्तिकेत ‘इंडेक्स केस’ येत असेल, तर त्याला ‘पहिला रुग्ण’ म्हणू नये, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. तपास करणाऱ्यांच्या नजरेस प्रथम आलेला रुग्ण आणि समूहात संसर्ग प्रथम आणणारा रुग्ण या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे तपासून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पंपाचे पाणी मुळात दूषित कशाने झाले, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच भागातले धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे पटत नव्हते, आणि ते खोडून काढण्यासाठी घरोघर चौकशी करतानाच त्यांना ४० क्रमांकाच्या घरातले तान्हे बाळ सापडले, ज्याचे लंगोट धुतलेले पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या मैलाकुंडात ओतले गेले होते. साखळीतला आरंभीचा रुग्ण तपासात असा शेवटी सापडला. ‘इंडेक्स केस’ला ‘निर्देशक रुग्ण’ आणि संसर्ग आणणाऱ्याला ‘मूळ रुग्ण’ म्हटल्यास हा घोळ टळतो. ‘पेशंट झिरो’ तर पूर्णपणे टाळावा. एड्सच्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियाबाहेरचा या अर्थाने लिहिलेले ‘ओ’ हे अक्षर शून्य म्हणून वाचले गेले, आणि त्या गैरवाचनामुळे एका माणसावर साथ आणल्याचा ठपका कित्येक वर्षे राहिला.

‘आयसोलेशन’ आजाऱ्यांचे असते आणि ‘क्वारंटाइन’ संपर्कात आलेल्या, पण अद्याप आजारी नसलेल्यांचे. त्यांसाठी अनुक्रमे विलगीकरण आणि अलगीकरण ही जोडी सुचवली जाते. ती कागदावर शोभते, पण दूरध्वनीवरून सांगून पाहावी. माझ्या मते पहिल्यासाठी विलगीकरण आणि दुसऱ्यासाठी सरळ क्वारंटाइन ठेवावे. तो शब्द चाळीस दिवसांच्या व्हेनिसी मुदतीवरून आलेला आहे, इंग्रजीनेही तो उसनाच घेतला आहे.

मूळ प्रश्नकर्ता

उद्रेक व्याख्येसह ठेवतो आणि तीन रुग्णांच्या त्या उदाहरणात गेल्या पाच वर्षांचे त्याच महिन्याचे आकडेही देतो, म्हणजे शेऱ्याला उत्तर मिळेल. पाळत आणि देखरेख ही विभागणी स्वीकारली. ‘बहुतांशी निश्चित’ तक्त्याच्या अरुंद रकान्यात मावत नाही, म्हणून तेथे ‘संभाव्य’च ठेवून खाली टीप देत आहे. एक शंका उरते : ‘कॅरिअर’ म्हणजे लक्षणे नसताना संसर्ग पसरवणारा माणूस आणि ‘व्हेक्टर’ म्हणजे डासासारखा कीटक, या दोघांनाही मसुद्यात मी ‘वाहक’ म्हटले आहे. माणसाला वाहक ठेवून कीटकाला ‘रोगप्रसारक कीटक’ करावे, असा विचार आहे; कोणाचा आक्षेप असल्यास कळवावे.