तुरुंगातल्या कंट्रोल रूमवर नजर कोणाची?

रातपाळीवाला
मी नाशिकच्या जेलरोडला राहतो. परवा बिटकोजवळच्या टपरीवर चहा घेताना शेजारचे काका म्हणाले, "आता जेलात सगळीकडे कॅमेरे. आत काय होणार कप्पाळ?" मला हसू आलं. गेली अकरा वर्षं मी अंबडच्या एका कारखान्यात कंट्रोल रूमची रातपाळी करतो. कॅमेरा लावलेला असणं वेगळं आणि कोणी बघत असणं वेगळं, हे मला रोज पहाटे तीनला कळतं.

चार मॉनिटर, चौसष्ट चौकोन. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या तोंडावर कोळी जाळं विणतो. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात त्या जाळ्याचा एक धागा हलला की पडद्यावर पांढरा पट्टा सरकतो आणि मोशनचा बझर ओरडतो. एका रात्रीत तो चाळीस वेळा ओरडला की माणूस काय करतो? आवाज बंद करतो. मीही केलाय. त्याच आठवड्यात भंगाराच्या यार्डातून तांब्याच्या केबलचं बंडल गेलं. फुटेजमध्ये दोघं जण आरामात कुंपणाखालून ते ओढताना दिसतात, वर एकाने मधेच तंबाखू मळून घेतलीय. मी तेव्हा खुर्चीतच होतो, आणि जागा होतो.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रडारसमोर बसणाऱ्यांचा प्रश्न सोडवायला एक प्रयोग केला होता. घड्याळासारखा काटा टकटक पुढे सरकतो, क्वचित एखादी दुप्पट उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागली. हे १९४८ मध्ये छापून आलंय. आपण अजून आठ-आठ तास बसवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कारखान्यात माझी चूक झाली तर केबल जाते, तुरुंगात झाली तर माणसाचा जीव जातो. म्हणून तुरुंगाच्या कंट्रोल रूमवर तुरुंगाबाहेरच्या कोणाची तरी नजर हवी. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला थेट फीड द्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं चालू चित्र. काय म्हणता?

जुना_सुभेदार
कारागृह खात्यात एकतीस वर्षं काढली, आता देवळाली गावात घरी असतो. कारखाना आणि कारागृह एका तराजूत घालू नका, रातपाळीवाले. तुमच्याकडे चोर बाहेरून आत येतो. आमच्याकडे सगळे आधीपासून आत असतात आणि त्यांना दिवसभर दुसरं काम नसतं, फक्त आमच्याकडे बघत बसायचं. कोणता शिपाई कधी वळतो, कोण डबा खाताना मान वर करत नाही, सगळं त्यांना पाठ असतं.

आता तुम्ही म्हणता फीड बाहेर द्या. म्हणजे टॉवरवरचा पहारा कधी बदलतो, तटाचा कुठला कोपरा दिसत नाही, झडती कुठल्या बराकीपासून सुरू होते, हे सगळं वायरीवरून गावात सोडायचं. चेंडूत गांजा भरून भिंतीवरून टाकणाऱ्याला आणखी काय हवं?

दुसरं, माणसं आहेत कुठे? आदर्श कारागृह नियमावली म्हणते सहा बंद्यांमागे, म्हणजे कैद्यांमागे, एक रक्षक. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते. एकाला दोघांचं काम, आणि त्याच्यावर नजर ठेवायला तुम्ही तिसरा मागताय. तो तिसरा आधी आम्हाला द्या, पहाऱ्याला लावतो.

स्पष्टवक्ता_नाशिक
कैद्यांचे एवढे लाड कशाला? गुन्हा करताना आठवले नाहीत का कॅमेरे?

काळा_डगला
स्पष्टवक्ते, त्याच २०२२ च्या आकड्यांत ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन आहेत. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. पुढे.

मी सीबीएसच्या (जुन्या बसस्टँडजवळच्या) कोर्टात वकिली करते, कच्च्या कैद्यांचीच जास्त. सुभेदारसाहेबांचा मुद्दा मला अर्धा पटतो. थेट फीड मलाही नको. मला साठवलेलं फुटेज हवं.

जुलै २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की सगळ्या तुरुंगांत एका वर्षात, फार तर दोन वर्षांत कॅमेरे लावा. त्याच निकालात अशासकीय अभ्यागत, म्हणजे तुरुंगाला भेट देऊन पाहणी करणारे सरकारबाहेरचे लोक, नेमण्याचा विचार करा, असंही आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांबद्दल बराच तपशील आला: फुटेज अठरा महिने राहील अशी यंत्रणा, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या. ठाण्यात माणूस थोडे दिवस असतो, तुरुंगात वर्षानुवर्षं. मग ठाण्याला जे लागू, ते तुरुंगाला का नको?

आता अनुभव. एका अशिलाला आत मारहाण झाली असं त्याचं म्हणणं होतं. कुठल्या जेलात ते सोडा. मी फुटेजसाठी अर्ज केला. तारखा पडत गेल्या, शेवटी उत्तर आलं की डिस्क भरली आणि जुनं फुटेज आपोआप पुसलं गेलं. कोणी काही लपवलं असं मी म्हणत नाही. पण 'जपून ठेवा' एवढे दोन शब्द वेळेत कोणी सांगितले नाहीत, कारण ते सांगणं कोणाचंच काम नव्हतं. दुसऱ्या एका प्रकरणात फुटेज मिळालं, तर डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ अकरा मिनिटं पुढे. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये जखमेची नोंद आधीची, आणि पडद्यावर तो माणूस त्यानंतरही धडधाकट चालतोय! सरकारी वकिलांनी त्या अकरा मिनिटांवर अख्खी उलटतपासणी काढली.

सातपूर_टेक
सगळे १९४८ मध्येच अडकलेत. व्हिडिओ अ‍ॅनालिटिक्स लावा, विषय संपला. उत्तर प्रदेशच्या तुरुंगांत २०१९ पासून 'जार्विस' नावाची अशी प्रणाली आणली गेलीय. मारामारी, घोळका, भिंतीजवळची हालचाल मशीन ओळखतं. मशीनला झोप येत नाही, तंबाखू लागत नाही, ते कोणाचं मिंधंही नसतं.

रातपाळीवाला
सातपूर_टेक, आमच्याकडे आहे तसलं. दिवाळीत कामगार मिठाईच्या खोक्याभोवती जमले तर 'संशयास्पद घोळका' म्हणून लाल चौकट आली. साठ जणांच्या जागेत शंभर झोपत असतील तिथे तुमचं मशीन घोळका कशाला म्हणेल? इशारा मशीन देईल हो. त्याचं काय करायचं ते खुर्चीतलाच ठरवणार, आणि बझर बंद करायचं बटण त्याच्याच हाताशी.

सातपूर_टेक
मग बटण काढून टाका.

जुना_सुभेदार
काढा. मग वायर उपटतील.

जेलरोडची_मावशी
मी जास्त शिकलेली नाही, चूक असेल तर सांभाळून घ्या. माझा मुलगा चौदा महिने आत होता, नंतर निर्दोष सुटला. मुलाखतीला जायचे तेव्हा काचेपलीकडून काही बोलायचा नाही. घरी आल्यावर सांगितलं. तो म्हणे, आत नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवतात, संडासचा नंबर कधी लावायचा आणि कॅमेरा कुठपर्यंत बघतो. कोणाला मारायचं असेल तर हौदाच्या भिंतीआड नेतात. तिथे कॅमेरा नाही, कारण तिथे माणसं अंघोळ करतात. म्हणजे लाजेसाठी जागा सोडली आणि तिथेच मार खाल्ला. आता तिथे कॅमेरा लावा म्हणू की नको म्हणू, मला सांगा.

काळा_डगला
मावशी, लावा म्हणू नका. तुरुंगात गेला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे न्यायालयाने १९७८ मध्येच सुनील बात्रा प्रकरणात सांगितलंय. अंघोळ करणाऱ्याचं चित्रण नकोच. पण हौदाकडे जाण्याच्या वाटेवर कॅमेरा असू शकतो ना? चौघे आत गेले, तिघे बाहेर आले, एवढं दिसलं तरी खुर्चीतल्याने वॉकीटॉकी उचलायला हवी.

जुना_सुभेदार
वकीलबाई, हे बरोबर. कागदावर तरी. पण मोजत बसणारा कोण असतो ते ऐका. कंट्रोल रूमची ड्युटी आमच्यात 'हलकी ड्युटी' समजतात. ज्याचा गुडघा गेलाय, ज्याला साखर आहे, ज्याची निवृत्ती चार महिन्यांवर आलीय, त्याला तिथे बसवायचं. चलाख पोरगा गेटवर आणि झडतीला. मीही हेच वाटप केलंय. आता बोलायला हरकत नाही.

रातपाळीवाला
साहेब, माझ्या धाग्यातली सर्वात मोठी गोष्ट तुम्हीच बोलून गेलात.

गोदाकाठ
सिंहस्थासाठी शहरभर कॅमेरे लागतील तेव्हाही हाच प्रश्न येणार. तिकडची कंट्रोल रूम कोण…

रातपाळीवाला
गोदाकाठ, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. इथे जेलचंच राहू द्या.

स्पष्टवक्ता_नाशिक
बरं, मग तिहारचं बोला. कॅमेरे होते, कंट्रोल रूम होती, तरी २ मे २०२३ ला एका टोळीप्रमुखाचा आत खून झालाच. सगळा देश टीव्हीवर बघत होता. म्हणजे कॅमेऱ्यांचा उपयोग शून्य. त्यापेक्षा भिंती उंच करा.

काळा_डगला
त्या चित्रणात काय होतं ते आठवा. जखमी माणसाला बाहेर आणल्यावर गणवेशातले लोक बाजूला उभे आहेत आणि त्यांच्यादेखत त्याच्यावर पुन्हा वार होतात. तिथे कॅमेऱ्याने आपलं काम केलं. बघणाऱ्यांनी नाही केलं. नंतर काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली ती त्या चित्रणामुळेच. नाहीतर 'आम्ही वेळेत पोचू शकलो नाही' एवढ्यावर कागद मिटला असता.

जुना_सुभेदार
आणि ते चित्रण टीव्हीपर्यंत पोचलं कसं, हे कोणी विचारत नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एका मंत्र्याचं कोठडीतलं मालिशचं फुटेज सगळ्या वाहिन्यांवर. उद्या कोणाच्या तरी लेकाचं उघड्या अंगाचं फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल. फीडला जितके हात, तितकी भोकं. म्हणून सांगतो, बाहेर देऊ नका.

रातपाळीवाला
मान्य. थेट फीडची मागणी मी मागे घेतो, वर लिहिलेलं खोडत मात्र नाही, लोकांना कळू दे. चूक अशी झाली की मी माझ्यासारखाच आणखी एक माणूस दुसऱ्या खुर्चीत बसवत होतो. त्यालाही पहाटे तीनला जाळंच दिसणार.

त्याऐवजी मला परीक्षा हवी. आमच्याकडे केबल गेल्यानंतर नवीन सुरक्षा अधिकारी आले. ते महिन्यातून एक-दोनदा कोणाला न सांगता एका हेल्परला नको त्या जागी उभा करतात आणि हातात घड्याळ धरून बसतात. मी किती वेळात वॉकीटॉकीवर विचारतो, ते लिहून ठेवतात. पहिल्यांदा मला नऊ मिनिटं लागली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. आता खुर्चीत अर्ध्या-अर्ध्या तासाने आलटून पालटून बसतो. ज्याची पाळी नाही तो फिरून येतो आणि काठीला फडकं बांधून जाळी काढतो. शेवटच्या वेळी दोन मिनिटांच्या आत विचारलं. नवा कॅमेरा एकही बसवला नाही.

जुना_सुभेदार
आता कसं बोललात. आमच्याकडे पूर्वी याचीच एक रीत होती. रात्री टॉवरवरचे पहारेकरी ठराविक वेळाने एकमेकांना हाळी द्यायचे, पहिल्याने दिली की दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. गावाला वाटायचं कैद्यांना धाक म्हणून ओरडतात. छे हो! एखाद्या टॉवरची हाळी आली नाही की जुने जेलर झोपेतून उठून बसायचे. मी एका हिवाळ्यात तीन नंबरच्या टॉवरवर बसल्या बसल्या पेंगलो, हाळी चुकली, आणि डोळे उघडले तेव्हा साहेब लुंगीवर, हातात बॅटरी घेऊन समोर उभे. शिव्या दिल्या नाहीत. चहा पाजला आणि सकाळी लेखी मागितलं.

परीक्षा घ्यायला माझी ना नाही. पण ती अधीक्षक घेतील, बाहेरचा नाही.

काळा_डगला
घेऊ देत. निकालाची नोंद मात्र अधीक्षकांच्याच कपाटात राहिली तर मी पुन्हा तारखाच मागत बसेन. तुरुंगाला भेट देणाऱ्या अभ्यागत मंडळापुढे ते रजिस्टर ठेवा. फुटेज नको, नुसतं रजिस्टर. कोणत्या रात्री परीक्षा झाली, किती मिनिटं लागली, किती कॅमेरे बंद होते, कोणतं फुटेज कोणाच्या सांगण्यावरून जपलं. यात टॉवरचं गुपित कुठे फुटतं?

जुना_सुभेदार
बंद कॅमेऱ्यांची यादी मंडळापुढे? नाही पटत. तीच तर पळवाट दाखवणारी यादी.

काळा_डगला
संख्या द्या, जागा देऊ नका.

जुना_सुभेदार
संख्या चालेल. बाकीचं बघू.

जेलरोडची_मावशी
आणि कोणी अंगावरचे वळ दाखवले तर त्याच दिवशी फुटेज जपायला कोण सांगणार? डॉक्टर की जेलर?

काळा_डगला
मावशी, माझ्या मते डॉक्टर. जखम नोंदवली की त्याच रजिस्टरमधून कंट्रोल रूमला चिठ्ठी. पण त्या चिठ्ठीवर वेळ कोणत्या घड्याळाची लिहायची ते आधी ठरवा, नाहीतर माझी अकरा मिनिटं परत येतील.

रातपाळीवाला
आमच्या भिंतीवरचं चार मिनिटं पुढे आहे, डीव्हीआरचं आज बघितलं तर दोन मिनिटं मागे. आठ दिवसांपूर्वीच मी ते मोबाइलवर बघून लावलं होतं. बघतो परत, पाळी सुरू होतेय.